शेवटची बंद रेघ

१

"रत्ना, माह्यं पोरगं आज पुन्हा मेलं वं. तू ये."

विमलनं एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. विमल माझी मावसबहीण. तिचा थोरला अमर दोन वर्षांमागं कळंबच्या रस्त्यावर गेला. पुढं चाललेल्या ट्रॅक्टरला मागचा दिवा नव्हता आणि हा मोटरसायकलवर. मेलेला माणूस पुन्हा कसा मरतो, असं दुसऱ्या कुणी विचारलं असतं. मला विचारावं लागलं नाही. मी पिशवी उचलली आणि यवतमाळहून राळेगावची एसटी धरली.

त्या घरात अमरचा आवाज होता. खराखुरा.

विमलचे यजमान पुंडलिकराव म्हणजे कापूस-तुरीची शेती आणि जुन्या रेकॉर्डींचं वेड. अमरनं आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला स्वतःच्या आवाजाची रेकॉर्डच करून आणली. नागपूरला त्याचा होस्टेलचा दोस्त श्रीकृष्ण एकेक रेकॉर्ड मशीनवर कोरून देतो. त्याच्यासमोर बसून अमरनं एक गाणं म्हटलं, आणि शेवटाला एक गंमत केली. रेकॉर्ड संपली की सुई मधल्या कागदाजवळच्या रेघेत जाऊन नुसती फिरत बसते, पाहिलं असेल तुम्ही. ती रेघ पुढं कुठं जातच नाही, गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळते. त्या बंद रेघेत श्रीकृष्णानं अमरचे तीन शब्द बसवले. "येतो वं माय." सुई उचलेपर्यंत तेच. येतो वं माय, येतो वं माय, येतो वं माय.

वाढदिवसाला आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. विमल हसता हसता म्हणाली होती, "जाय ना बाप्पा एकदाचा!"

तीन महिन्यांनी तो गेला.

पहिल्या वर्षी तिनं त्या रेकॉर्डकडं पाहिलंसुद्धा नाही. यंदाच्या पोळ्याला कुणास ठाऊक काय झालं, तिनं ती काढली. गाण्याला हात लावला नाही. सुई थेट त्या शेवटच्या रेघेवर ठेवायची आणि ऐकत बसायचं. सकाळी, दुपारी, दिवे लागेपर्यंत.

मी पोचले तेव्हा ती मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तोंडात पाण्याचा थेंब नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून ती गाठ तिनं मुठीत घट्ट धरली होती. कळंबच्या चिंतामणीचा अंगारा असेल, असं मी धरलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. दारात उभ्या असलेल्या सुनेकडं बोट केलं.

"हिनंच पुसला माह्या पोराचा आवाज. संध्याकाळी हिचा भाऊ येऊन राह्यला मारेगावहून. ही जाईल. खुशी मात्र इथंच राहील. अमरची तेवढीच निशानी हाय माह्यापाशी."

ही सून म्हणजे निशिगंधा, अमरची बायको. खुशी म्हणजे तिची लेक, चौथीत शिकते. आईची ओढणी धरून उभी होती आणि ती ओढणी सोडायला तयार नव्हती.

२

अर्धं आयुष्य मी कोर्टात सरकारी वकिली केली. तिथं एक शिकले. सगळे एकाच माणसाकडं बोट दाखवतात तेव्हा आपण दुसरीकडं बघावं. गुडघे कुरकुरत होते तरी मी त्याच खोलीतल्या रेकॉर्ड वाजवायच्या मशीनपुढं मांडी घातली.

शेजारच्या खोलीत यंदाचा कापूस छतापर्यंत भरला होता. भाव वाढायची वाट पाहत होते. त्यामुळं मशीनवर, रेकॉर्डवर, पाटावर सगळीकडं कापसाचे धागे. त्या धाग्यांवरून चोर पकडायचा तर कार्तिकात अख्खा राळेगाव तालुका आत टाकावा लागेल.

"कोणी हात लावला याला सकाळपासून?" मी विचारलं.

"कोनीच नाई," पुंडलिकराव म्हणाले. त्यांचा हात हल्ली कापतो. "ती सकाळी आली, सुई ठेवली, अन् नुसती खर्र खर्र. मंग जी किंचाळली..."

मी सुई उचलली आणि रेकॉर्डच्या सुरुवातीला, गाण्यावर ठेवली.

बापरे! असा आवाज फुटला की पुंडलिकभाऊजींनी कानावर हात ठेवले आणि अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत पिळलेलं होतं. मी घाईनं ते कमी केलं. मग अमर नीट ऐकू आला. कापूस वेचताना बाया म्हणतात तसल्या चालीचं गाणं, मोकळ्या गळ्यानं म्हटलेलं. एकही खरखर नाही. भिंतीपाशी बसलेली विमल ओरडली, "बंद कर ते!" मी सुई उचलली. माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू.

मग चष्मा पुसून मी रेकॉर्ड उजेडात धरली. गाण्याच्या रेघा काळ्याभोर, चकचकीत. शेवटची रेघ मात्र पांढुरकी आणि गुळगुळीत. खिळ्यानं ओढलेला ओरखडा आडवा जातो. रागावलेला माणूस काही रेघ निवडून ओरखडत नाही, तो सगळ्या रेकॉर्डवरून खिळा ओढतो. इथं तसं काही नव्हतं. कुणीतरी गोल गोल झिजवल्यासारखी ती एकच रेघ गेली होती.

सुई ज्या दांडीला असते त्या दांडीच्या मुंडीवर एक डाग होता. रुमालानं पुसला. हळद.

आणि मशीनच्या मागं, कापसाच्या धाग्यांत, एक स्क्रूड्रायव्हर पडला होता.

३

निशिगंधा तिच्या खोलीत बॅग भरत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे ती. खुशीचे कपडे एका बाजूला घडी करून ठेवलेले, बॅगेत टाकावे की नाही ते ठरत नव्हतं.

"मावशी, तुम्ही विचारायच्या आधी सांगते. म्हणाले होते मी. एक दिवस हे मशीन विहिरीत टाकीन, असं सगळ्यांसमोर म्हणाले होते."

"मग टाकलंस का?"

"टाकलं असतं तर बरं झालं असतं." ती खाटेवर बसली. "सकाळी डबा भरताना तो म्हणतो येतो. शाळेतून आले की म्हणतो येतो. दिवसभर येतो येतो, आणि येत नाही. आई ऐकतात त्यांच्या पोराचा आवाज. माझाही नवरा होता ना तो? मला कुणी विचारलं, तुला ऐकवतं का म्हणून?"

मी तिच्याशेजारी खाटेवर टेकले. मग विचारलं,

"फोनवर उतरवून घेतला नाहीस आवाज?"

"घ्यायला गेले होते. आईंनी फोन हिसकून घेतला. म्हणाल्या, वाटून दिला तर आवाज कमी होतो. कुणालाच घेऊ दिला नाही, बाबांनाही नाही." तिनं खुशीचा फ्रॉक पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी केली. "आता पोरीला काय ऐकवू मी?"

"हात दाखव तुझे."

तिनं दोन्ही हात पुढं केले. नखांत खडू होता. सकाळी भाजी फोडणीला टाकली असेल तर हळदही असू शकते, असं माझ्या मनात आलं. मी रुमालावर पुसून घेतलेला डाग तिला दाखवला.

ती वाकून बघत म्हणाली, "मावशी, ही फोडणीतली हळद नाही. यात लाल कण आहेत बघा. कुंकू आहे. देवघरातल्या करंड्यातलं. त्या करंड्याला मी दोन वर्षांत हात लावलेला नाही. आईंनीच सांगितलंय लावू नको म्हणून."

तिच्या कपाळाकडं माझी नजर गेली. लगेच मी ती वळवली. मला त्या क्षणी विमलचा फार राग आला.

"स्क्रूड्रायव्हर कुणाचा?" मी विचारलं.

निशिगंधानं आधी दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अतुलभाऊजींच्या गाडीत असतो तो."

४

अतुल म्हणजे विमलचा धाकटा. यवतमाळला औषधांचं दुकान आहे. काल संध्याकाळी मुक्कामाला आला होता. मला बघताच गोठ्याकडं निघाला.

"अतुल, इकडं ये. सरळ इथं बस."

"काय वं मावशी?"

"हा स्क्रूड्रायव्हर तुझा. पहाटे तू मशीनपाशी गेलतास. आता मला तासभर गोल गोल फिरवू नको, माझे गुडघे दुखतात."

त्याचा चेहरा पडला. लहानपणीही ह्याला खोटं बोलता येत नसे.

"गेलतो," तो म्हणाला. "पण मावशी, आईची शपथ, म्या रेकॉर्डले काई केलं नाई. मले फक्त सुई काढून टाकाची होती. सुई मोडली, आता अशी सुई भेटत नाई, असं सांगणार होतो आईले. तुम्ही पाह्यलं ना तिले? जेवत नाई, बोलत नाई. दादा तं गेला. तिलेही घेऊन चालला तो आवाज. डॉक्टरकडं चाल म्हटलं तं म्हणते, अमर एकटा राहील."

"मग काढली का नाहीस सुई?"

"उजाडलं नव्हतं अजून. दांडी उचलाले गेलो तं रेकॉर्डवर सुईखाली पांढरा भुगा. बोटाले लागला. म्या घाबरलो. म्हटलं कोनीतरी आपल्या आधीच येऊन गेलं. तेवढ्यात आतून आईच्या बांगड्या वाजल्या, तं पळालो. ड्रायव्हर तिथंच पडला."

"आणखी काही दिसलं?"

तो विचार करत राहिला. "दांडीच्या मुंडीवर काईतरी होतं. गोल. चकाकलं जरासं. सकाळी पाह्यलं तं नव्हतं."

५

रेकॉर्डच्या मधल्या कागदावर पेनानं श्रीकृष्णाचा नंबर लिहिलेला होता. मी अंगणात जाऊन फोन लावला. शेवटच्या रेघेतला आवाज गेला, असं त्या पोराला सांगितलं.

"दुसरी प्रत आहे का रे तुझ्याकडं?"

"नाही काकू. तो थेट मशीनसमोर गायला, तिथंच कोरलं गेलं. ना टेप, ना कॉम्प्युटर. अमरच म्हणाला, एकच पाहिजे, आईसाठी." मग तो म्हणाला, "मी त्याला सांगितलं होतं, ही दुकानातल्या रेकॉर्डसारखी नसते. मऊ असते, जपून वाजवा."

"गाणं तर धड आहे. मग तेवढी एकच रेघ कशी गेली?"

"गाण्यावरून सुई एकदा जाते, काकू. बंद रेघेत तिथल्या तिथं फिरत राहते. थोड्या वेळात शेकडो फेऱ्या होतात. रोज तासन् तास वाजवली तर आवाज बारीक होत जाणार. कडा झिजल्या की सुई घसरायलाही लागते."

"घसरते म्हणून वर वजन ठेवलं तर?"

"मग ती सुई राहत नाही, कानस होते. दोन-चार दिवसांत सगळं साफ."

फोन ठेवला आणि मला विमलचं लग्न आठवलं. मांडवात भोंगेवाला होता. सुई घसरून गाणं अडकलं की तो खिशातून चार आणे काढून दांडीच्या मुंडीवर ठेवायचा, की गाणं नीट चालायचं. आम्ही पोरी ते बघून हसायचो. आमच्या वयाच्या प्रत्येकाला हा इलाज ठाऊक आहे. त्या काळच्या रेकॉर्डी आणि त्या सुया ते वजन पचवत असतील. ही बिचारी नाजूक रेकॉर्ड कुठून पचवणार?

मी चप्पल काढून देवघरात गेले. तांब्याच्या ताम्हनात लक्ष्मीचा बंदा रुपया असतो, जुना, चांदीचा. अमर जन्मला तेव्हा विमलच्या सासूनं त्याच्या मुठीत ठेवला होता. तेव्हापासून त्या रुपयाला रोज हळदकुंकू वाहिलं जातं. ताम्हनात हळदकुंकवाचा थर होता. मधोमध रुपयाएवढा गोल स्वच्छ होता.

रुपया तिथं नव्हता. पण कुठं होता ते मला आता समजलं होतं. सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोरच तर होता.

बटण शेवटापर्यंत का पिळलं होतं, तेही समजलं. विमलचे कान अजून माझ्यापेक्षा चांगले आहेत. आवाज रोज जरासा बारीक व्हायचा आणि ती रोज जरासं बटण फिरवायची. हे काही एका पहाटेत झालं नव्हतं.

मी देवघराच्या उंबऱ्यावरच बसले. कोर्टात खरं सिद्ध झालं की मला जेवण गोड लागायचं. आज खरं सांगितलं तर निशिगंधा सुटेल, खुशी आईपाशी राहील. पण विमलला काय सांगू? ज्या हातानं रोज पोराचा आवाज लावलास, त्याच हातानं तो पुसलास, असं सांगू?

६

आधी भाऊजींना सांगावं असं ठरवलं. ओसरीवर त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि माझ्या आधी उठून आत गेले.

"विमल," ते दारातूनच म्हणाले, "सुनेले कायले बोलते? म्याच केलं ते. मले झोप नव्हती येत. म्या ठेवलं वजन सुईवर."

अतुल आ वासून बापाकडं बघत राहिला. निशिगंधा आपल्या खोलीच्या दारात आली.

विमलनं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा तिनं कुणाकडं तरी धड पाहिलं.

"तुम्ही कायले खोटं बोलता?" ती म्हणाली. "चहाचा कप धरता येत नाई तुमाले. सुई काय ठेवान?"

मग तिनं मूठ उघडली. पदराची गाठ सोडली. बंदा रुपया फरशीवर पडला, गोल फिरला आणि आडवा झाला.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "कधी ठेवलास?"

"चार दिस झाले. सुई घसरून राह्यली होती. येतो वं म्हणे अन् माय म्हणाच्या आधी घसरे." तिनं फरशीवरल्या रुपयाकडं पाहिलं. "म्हटलं त्याच्याच मुठीतला रुपया हाय. लक्ष्मी हाय. सांभाळून घेईल लेकराले. ठेवला तं घसरणं थांबलं वं! चांगला माय म्हणाले लागला. मले काय ठाऊक..."

"आणि निशिगंधेचं नाव का घेतलंस?"

विमल रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

"सकाळी रुपया उचलून पाह्यलं तं सुईखाली काईच राह्यलं नव्हतं. तवाच समजलं मले. पण माह्यानं झालं असं म्हणाले जीभ उठेना. कोनावर तरी राग धरला की बसता तं येते, रत्ना. नाई तं मी त्या विहिरीतच गेली असती."

पुंडलिकराव खाली बसले आणि त्यांनी रुपया उचलून धोतराच्या सोग्यात घेतला.

"रोज उत्तर देऊ म्हणे मी," विमल बोलत राहिली, स्वतःशीच बोलल्यासारखी. "माणूस येतो म्हणते, तं घरच्यानं ये म्हणावं लागते ना? त्या दिवशी म्या हसून जाय म्हटलं. आता ये म्हणाले जावो तं त्याचं पुन्हा सुरू. येतो वं माय, येतो वं माय. उत्तर द्याले जागाच नाई ठेवली त्यानं."

निशिगंधा पुढं आली. सासूजवळ गेली नाही. मशीनपाशी वाकली, बटण कमी केलं आणि सुई गाण्याच्या सुरुवातीला ठेवली.

"आई," ती म्हणाली, "ते गेल्यापासून हे ऐकलंच नाही तुम्ही. पूर्ण आहे."

ह्या वेळी विमलनं बंद कर म्हटलं नाही. अमर गायला. मध्ये एका ठिकाणी श्वास चुकला आणि तो जरासा हसला, आणि खुशीही हसली. बाबा असा हसायचा, हे तिला आठवत असेल-नसेल. अतुल भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. गाणं संपलं. सुई आत आत सरकली आणि त्या बंद रेघेत गेली. खर्र. खर्र. खर्र.

निशिगंधानं हात पुढं केला, पण त्याआधीच विमल उठली होती. भिंतीला धरून आली आणि तिनं स्वतः सुई उचलून बाजूला ठेवली.

दिवस कलला तेव्हा निशिगंधाचा भाऊ जीप घेऊन आला. आता ती थांबेल, असं मला वाटलं होतं. मी तिला तसं म्हणालेही.

"मावशी, चोर ठरले नाही म्हणून लगेच हसत राहू का?" ती म्हणाली. "तुम्ही नसत्या आल्या तर माझी पोरगी आज इथं ठेवून घेतली असती ह्यांनी. काही दिवस जाऊन येते माहेरी. पुढचं पुढं."

खरंच होतं ते.

तिनं खुशीचे कपडे बॅगेत टाकले. खुशी तिचं बोट धरून जीपमध्ये बसली. विमल दारात येऊन उभी राहिली. निशिगंधा जीपपर्यंत गेली, थांबली आणि परत फिरली. सासूच्या पाया पडली नाही. नुसती उभी राहिली आणि सवयीनं म्हणावं तसं म्हणाली, "येते, आई."

आणि मग ती थांबली. जीप सुरू होती, भाऊ हॉर्न वाजवत होता, तरी ती विमलकडं बघत थांबून राहिली.

विमलला एवढी जागा पुरली. "ये वं माय," ती म्हणाली. "लवकर ये."

जीप गेल्यावरही ती बराच वेळ दारातच उभी होती. मग मी तिला आत नेलं आणि दोन घास भात भरवला.